आकाशदर्शनाला बॅटरी न्या, पण लाल आणि मंद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस सरला की बेळगाव-खानापूर भागातल्या शाळा, वाचनालये आणि तरुण मंडळे आकाशदर्शनाचे बेत आखू लागतात. पत्रकात सतरंजी, स्वेटर, पाण्याची बाटली असते आणि शेवटी 'बॅटरी' एवढेच लिहिलेले असते. कसली, ते कुणी सांगत नाही. मग प्रत्येकजण डोळे दिपवणारी पांढरी एलईडी घेऊन येतो आणि जांबोटीच्या माळावर जाऊनही टिळकवाडीतल्या गच्चीवरून दिसते तेवढेच आकाश पाहून परततो.

उजेडातून अंधारात आल्यावर डोळ्यांतल्या शंकुपेशी (उजेडात रंग दाखवणाऱ्या) दहाएक मिनिटांत सरावतात. अंधुक तारे आणि आकाशगंगेचा पट्टा दिसतो तो मात्र दंडपेशींमुळे. त्यांच्यातले ऱ्होडॉप्सिन हे द्रव्य भरून यायला २० ते ३० मिनिटे लागतात, उतारवयात त्याहूनही जास्त. पांढरा झोत क्षणभर डोळ्यांवर आला तरी ही कमाई बरीचशी जाते आणि मोजणी पुन्हा सुरू होते. दंडपेशींना सर्वांत जास्त जाणवतो तो ५०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा निळसर हिरवा प्रकाश. ६४०च्या पलीकडचा लाल प्रकाश त्यांना जवळजवळ दिसतच नाही. पांढऱ्या एलईडीत ४५० नॅनोमीटरजवळ निळ्याचा मोठा भाग असतो, म्हणून जुन्या पिवळ्या बल्बच्या बॅटरीपेक्षा ती या कामाला वाईट.

'लाल दिवा चालतो' हे आता पुष्कळांना माहीत आहे. पण लाल असून प्रखर असला तरी तो डोळे बिघडवतोच. बाजारातल्या साध्या लाल एलईडीचा प्रकाश ६२०-६३० नॅनोमीटरचा, म्हणजे दंडपेशींना थोडा का होईना जाणवणारा. ६६०चा गडद लाल मिळाला तर उत्तम; नाही मिळाला तर उजेड कमी ठेवणे हाच उपाय. रंग दुय्यम, मंदपणा आधी.

डोक्याला बांधायच्या बॅटऱ्यांत लाल दिवा असतो, पण बऱ्याच मॉडेलांत बटण दाबले की आधी पांढरा लागतो आणि मग लाल. असली बॅटरी निरुपयोगी. लालसाठी वेगळे बटण आहे का, हे दुकानातच चालू-बंद करून पाहावे. शिवाय ती कपाळावर बांधली की आपण ज्याच्याशी बोलू त्याच्या डोळ्यांत झोत जातो. त्यापेक्षा दोरीने गळ्यात अडकवून खाली जमिनीकडे वळवावी.

जुन्या बॅटरीवर लाल जिलेटीन पेपर लावायचा असेल तर एक थर पुरत नाही, निळा प्रकाश झिरपतो. तीन-चार थर लावून रबराने घट्ट बांधावेत. परीक्षा सोपी आहे : अंधाऱ्या खोलीत बॅटरीचे प्रतिबिंब जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर पाहावे. इंद्रधनुष्यात लालच पट्टा दिसला तर ठीक. हिरवा किंवा निळा दिसला तर आणखी एक थर.

हाताने करायची हौस असेल तर दोन पेन्सिल सेलचा डबा, ५ मिलिमीटरची लाल एलईडी, १०० ओहमचा रेझिस्टन्स आणि १० किलोओहमचा व्हॉल्यूम कंट्रोल (फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टन्स), हे सगळे एकामागोमाग एका सर्किटमध्ये जोडावे. लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट लागतात, उरलेल्या १ व्होल्टवर प्रवाह १० मिलिअँपिअरपासून ०.१ मिलिअँपिअरपर्यंत कमी-जास्त करता येतो. एलईडीची लांब तार धन बाजूला. उलटी जोडली तर लागत नाही एवढेच. काचेसारख्या पारदर्शक एलईडीचा मधोमध चटका देणारा ठिपका पडतो. तिचे टोक पॉलिशपेपरने घासले की उजेड पसरतो.

किती मंद ठेवावा? अर्धा तास अंधारात बसून देवयानी तारकासमूहातली दीर्घिका (गॅलक्सी) शोधावी. हिवाळ्यात संध्याकाळी ती आपल्याकडे चांगली उंचावर असते आणि साध्या डोळ्यांना धुरकट ठिपक्यासारखी दिसते. मग लाल दिव्यात मिनिटभर नकाशा वाचून पुन्हा वर पाहावे. दीर्घिका दिसेनाशी झाली तर दिवा अजून कमी करायला हवा. नकाशावर लाल शाईच्या खुणा असतील तर लाल उजेडात त्या गायब होतात, तेव्हा काळ्या शाईचा, मोठ्या अक्षरांचा नकाशा घ्यावा. चाळिशीपुढच्यांना लाल उजेडात जवळचे आणखी धूसर दिसते, कारण लाल प्रकाश डोळ्यात जरा मागे केंद्रित होतो. वाचायचा चष्मा विसरू नये.

मोबाइलच्या ॲपमधला लाल 'नाइट मोड' चांगला, पण एलसीडी स्क्रीनचा काळा भागही उजळतो. ब्राइटनेस अगदी तळाला आणून वर जिलेटीन चिकटवलेले बरे.

आता लाल दिव्याचे भाविक मला रागावतील, पण खानापूर-चोर्ला भागात पांढरी बॅटरी घरी ठेवून जाणे हा निव्वळ मूर्खपणा आहे. मंद लाल उजेडात पाचोळ्यातले फुरसे किंवा घोणस दिसत नाही. गाडीपासून बसायच्या जागेपर्यंत, झुडपामागे जाताना आणि निघताना सामान आवरताना पांढरीच वापरावी. लावण्याआधी 'दिवा लावतोय' असे ओरडावे, आणि ज्याला वापरायची त्याने एक डोळा मिटून घ्यावा. डोळे आपापले सरावतात, त्यामुळे मिटलेला शाबूत राहतो. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत मात्र कोणत्याही बॅटरीने रात्री शिरू नये.

सगळ्यांत जास्त नासाडी उशिरा येणाऱ्या गाड्या करतात. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असताना बंद करता येत नाही, म्हणून दुचाकी अलीकडेच बंद करून ढकलत आणावी. चारचाकी तोंड बाहेर करून लावावी, आतला आणि डिक्कीचा दिवा आधीच बंद करावा.

१३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुनेतल्या उल्कावर्षावाला बरीच मंडळी बाहेर पडतात. आयोजकांनी पत्रकात 'बॅटरी' या शब्दापुढे 'लाल, मंद. पांढरी फक्त चालताना' एवढे मराठी आणि कन्नड दोन्हींत छापावे, ही विनंती.

आपला,
एक आकाशनिरीक्षक वाचक, खानापूर