‘बघते’ म्हणू नकोस

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. तब्येत चांगली आहे, कामाचं नेहमीचंच, झोपही पुरेशी होते. काळजी करू नकोस.

मागच्या फोनवर तू म्हणालीस, “तिकडे जाऊन तुला नाही म्हणायची सवय लागली.” तुझा आवाज उतरला होता, म्हणून सविस्तर लिहिते. ऑफिसात आणि उद्या सासरी नाही कसं म्हणायचं, असं धाकटीनेही विचारलंय. तिलाही हेच वाचायला दे.

इकडची एक रीत तुला चमत्कारिक वाटेल. कुणी विचारतं, “शनिवारी सामान हलवायला येशील?” समोरचा म्हणतो, “नाही, मला जमणार नाही.” झालं. कारण नाही, सारवासारव नाही. विचारणारा “बरं” म्हणतो आणि पुढच्या माणसाला विचारतो. सोमवारी दोघं पहिल्यासारखे बोलत असतात. त्यांच्यात माया कमी आहे असं समजू नकोस. इथे विचारतानाच नकाराची जागा मोकळी ठेवलेली असते. नकार त्या शनिवारापुरता आणि त्या सामानापुरता असतो, तो माणसाला दिलेला नसतो. म्हणून होकार आला की तो पक्का धरतात, पुन्हा आठवण करत नाहीत. “उद्या सांगतो” म्हटलं तर उद्या खरंच सांगतात.

आपण काय करतो? “बघते” म्हणतो. आपल्या मनात ते नाही असतं आणि ऐकणाऱ्याला ते हो ऐकू येतं. तो दुसऱ्या कुणाला विचारत नाही. आदल्या रात्री आपण अंग काढून घेतो, तेव्हा त्याच्या हातात वेळ उरलेला नसतो. राग येतो तो त्या वाया गेलेल्या दिवसांचा. पहिल्याच दिवशी नाही म्हटलं असतं तर त्याने दुसरी सोय केली असती. आई, दुखावतं ते हे ‘बघते’, आणि हे मी अगदी मनापासून सांगते.

मागणारा तरी मुद्दाम अडवतो असं कुठे आहे? फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक या अभ्यासकांनी २००८ साली एक शोध छापला. अनोळखी लोकांकडे मदत मागायला निघालेल्यांना आधी विचारलं होतं, किती जणांना गाठावं लागेल? प्रत्यक्षात त्यांच्या अंदाजापेक्षा बऱ्याच कमी जणांना विचारूनच काम झालं, कारण लोक वाटलं त्यापेक्षा जास्त वेळा हो म्हणाले. तोंडावर नाही म्हणणं समोरच्याला किती जड जातं, हे मागणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. त्यामुळे ते आपल्यालाच बोलून दाखवावं लागतं.

आता धाकटीसाठी. लगेच उत्तर देऊ नकोस. “उद्या संध्याकाळी सहापर्यंत सांगते” म्हण, आणि सहाच्या आत आपणहून सांग. वेळ न ठरवता मागून घेतलेली सवड म्हणजे पुन्हा ‘बघते’च. सांगताना ‘नाही’ पहिल्याच वाक्यात येऊ दे: “तू मला विचारलंस याचं बरं वाटलं, पण नाही, मी हे घेणार नाही.” आणि थांब. पुढची शांतता फार लांब वाटते. ती भरायला गेलीस की कारणं सुटतात, आणि इथेच बहुतेक जण फसतात. “गुरुवारी पाहुणे आहेत” म्हटलंस की “मग शुक्रवारी कर” येणार. “मला ते नीट येत नाही” म्हटलंस की “मी शिकवतो.” दिलेलं प्रत्येक कारण समोरचा सोडवत बसतो, आणि सगळी सुटली की हो म्हणण्यावाचून गत्यंतर राहत नाही. द्यायचंच तर एकच कारण दे, तेही खरं. पुन्हा आग्रह झाला तर तेच वाक्य, त्याच आवाजात. नवा शब्द घालायचा नाही.

“दहा मिनिटांचंच काम आहे” याला जप. १९६६ साली जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर या मानसशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातला एक प्रयोग छापला. काही घरांना आधी ‘गाडी जपून चालवा’ अशी तीन इंची पाटी लावायची विनंती केली. दोनेक आठवड्यांनी दुसराच माणूस आला आणि त्याच विषयाचा मोठा, ओबडधोबड फलक अंगणात लावू का म्हणाला. ज्यांना आधी काहीच विचारलं नव्हतं, त्यांच्यातले १७ टक्के तयार झाले. ज्यांच्याकडे पाटीची विनंती आधी येऊन गेली होती, त्यांच्यातले ७६ टक्के. म्हणून लहान काम घेताना त्याच्यामागून काय येणार आहे ते आधीच विचारून घे. आणि मदत करायची असेल तर मापून सांग: “शनिवारी सकाळी दहा ते बारा, फक्त यादी तपासून देईन.” ‘जमेल तेवढं’ म्हटलं की ते कधी संपत नाही.

मर्यादा घालतानाही वाक्य नीट हवं. “रात्री दहानंतर फोन करू नका” हा दुसऱ्याला हुकूम झाला, तो पाळणं त्याच्या हातात. “दहानंतर मी फोन उचलत नाही, सकाळी आठला करते” हे आपल्या हातात आहे. आजारपणासारख्या अडचणीला कोणती सूट, तेही आधीच सांगून ठेव, म्हणजे ऐनवेळी घासाघीस होत नाही.

सुरुवातीला लोक जास्त जोर लावतील, फोन वाढतील. घाबरून जायचं नाही, सवयीचं दार बंद झालं की माणूस आधी जोरातच ठोठावतो. चार वेळा नाही म्हणून पाचव्यांदा हो म्हटलं, तर पाच वेळा विचारलं की काम होतं हे आपणच शिकवलं. कधीमधी मिळणाऱ्या फळाने लागलेली सवय सुटायला फार कठीण असते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. म्हणून ज्याला शेवटपर्यंत नाही म्हणता येणार नाही, त्याला पहिल्यांदाच हो म्हण. पहिला नकार घरच्यांना नको, जिथे नातं पणाला लागत नाही तिथे म्हणून बघ.

नाही म्हटल्यावर पोटात कालवतं. मलाही कालवतं, आई. मी परकी झाले असते तर कालवलं नसतं.

आता भाऊकाकांचं. त्यांच्या कर्जाला मी जामीन राहणार नाही, आणि बाबांनीही राहू नये. जामीनदार म्हणजे साक्षीदार नव्हे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर कर्जदाराची जेवढी जबाबदारी तेवढीच जामीनदाराची. हप्ते थकले की बँक बाबांकडे येऊ शकते. मी काकांना स्वतः फोन करून सांगेन, तुझ्या तोंडून नको. त्यांच्या मुलाच्या एका सत्राची फी मात्र मी भरते. ती परत नको.

धाकटीच्या लग्नाला मला आठच दिवस येता येईल. महिनाभर ये म्हणालीस तेव्हा मी “बघते” म्हटलं होतं. चुकलं माझं, तू त्या भरवशावर राहिलीस. हॉलचा दुसरा हप्ता पाठवलाय. माझं स्थळाचं मात्र या वर्षी नको. हे ‘बघते’ नाही, नाहीच आहे. रागावू नकोस.

बाबांच्या गुडघ्याच्या तपासणीचे पैसे वेगळे पाठवलेत. ते लग्नात वळवू नकोस. तारीख मिळाली की कळव, त्या दिवशी मी रजा टाकून फोनवर थांबेन.

तुझी,
थोरली