आत्याला पत्र : 'इन कोल्ड ब्लड'मधलं खरं किती?

लॉरेन्स, कॅन्सस

ती. आत्या,
सा. न. वि. वि.

कॅन्ससमधल्या एका कुटुंबाच्या खुनांवरचं ट्रुमन कपोटीचं 'इन कोल्ड ब्लड' तू दोन बैठकांत संपवलंस आणि शेवटच्या स्मशानातल्या प्रसंगाला रडलीस, असं लिहिलं आहेस. हे सगळं खरंच घडलं का आणि टीकाकारांनी पुस्तकाला कसं घेतलं, हे दोन्ही तू विचारलंस. मी आहे त्याच राज्यातली ही गोष्ट, आणि इथल्या ग्रंथालयात बसून बरंच वाचलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

खून खरे आणि नावंही खरी. १५ नोव्हेंबर १९५९ च्या पहाटे हॉलकॉम्ब गावाजवळच्या घरात हर्बर्ट क्लटर, त्यांची बायको बॉनी, मुलगी नॅन्सी आणि मुलगा केनियन यांना मारलं गेलं. थोरल्या दोघी मुली त्या रात्री घरी नव्हत्या, म्हणून वाचल्या. तिजोरी असेल या आशेने आलेल्या डिक हिकॉक आणि पेरी स्मिथ या दोघा खुन्यांच्या हाती जेमतेम ४०-५० डॉलर लागले. कपोटीने वर्तमानपत्रातली छोटीशी बातमी वाचली आणि तो आपली बालमैत्रीण, लेखिका हार्पर ली हिला घेऊन इथे आला. मुलाखतीत तो वही काढायचा नाही की टेपरेकॉर्डर लावायचा नाही. दोघं हॉटेलवर परतून आठवेल ते लिहून काढायचे. ऐकलेलं नव्वद टक्क्यांहून जास्त आपल्या लक्षात राहतं, असा त्याचा दावा होता. खरी वादाची मुळं इथेच आहेत.

१९६५ च्या शरद ऋतूत 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात ते चार भागांत आलं आणि १९६६ च्या जानेवारीत पुस्तक निघालं. आपण 'नॉनफिक्शन नॉव्हेल', म्हणजे खऱ्या घटनांची कादंबरी, हा नवाच प्रकार जन्माला घातला, असं कपोटी सांगत सुटला. रेबेका वेस्टसारख्या जाणत्या लेखिकेने पुस्तकाला मनापासून दाद दिली. उलट 'न्यू रिपब्लिक'मध्ये स्टॅनली कॉफमनने याला साहित्य म्हणणंच हास्यास्पद ठरवलं. मला ते अन्यायाचं वाटतं. एकीकडे क्लटर कुटुंबाचा शेवटचा दिवस आणि दुसरीकडे त्यांच्या दिशेने येणारी मोटार, ही पहिल्या भागातली गुंफण ज्याला जमली, त्याला लिहिता येत नाही असं कुणी म्हणू नये.

पण 'एस्क्वायर'च्या जून १९६६ च्या अंकात फिलिप टॉम्पकिन्सचा लेख आला, आणि तो वाचल्यावर माझं मत बदललं. हा माणूस कॅन्ससमध्ये फिरला, लोकांना भेटला, कागद तपासले. नॅन्सीची घोडी बेब तुला आठवते ना? पुस्तकात ती लिलावात ७५ डॉलरला एका बाहेरच्या शेतकऱ्याकडे जाते आणि तिला नांगराला जुंपायची भाषा होते. वाचताना पोटात कालवतं. टॉम्पकिन्सला आढळलं की घोडी गावातल्याच माणसाने घेतली होती, तीही बऱ्याच जास्त किमतीला. फाशीच्या चौथऱ्यावर पेरी स्मिथने मागितलेली माफीसुद्धा त्याने तिथे हजर असलेल्या पत्रकारांकडे पडताळली. तसं काही ऐकल्याला त्यांनी दुजोरा दिला नाही.

आणि आत्या, तू ज्याला रडलीस तो स्मशानातला प्रसंग, जिथे तपास अधिकारी डीवीला नॅन्सीची मैत्रीण भेटते, तो घडलाच नाही. कपोटीने तो रचला. हे तुला सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं, पण दडवणंही बरं नाही. तुझं रडणं त्यामुळे खोटं होत नाही. मात्र कादंबरी म्हणून लिहिलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती. अक्षर न् अक्षर खरं असल्याची ग्वाही लेखकाने स्वतः दिली होती. मला सर्वांत लागतं ते हे की पेरी स्मिथ पानोपानी जिवंत होत जातो आणि क्लटर मंडळी मात्र सद्गुणांची यादी होऊन राहतात. मेलेल्यांना स्वतःबद्दल काही सांगता येत नव्हतं.

समीक्षक केनेथ टायननने लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'मध्ये याहून जड आरोप केला. मृत्यूच्या दारातल्या माणसांशी इतकी जवळीक करूनही कपोटीने त्यांना वाचवण्यासाठी जमेल तेवढं केलं नाही, असं त्याचं म्हणणं. फाशी झाल्याशिवाय पुस्तकाला शेवट मिळत नव्हता, हे खरंच आहे. अपिलं वर्षानुवर्षं चालली आणि १४ एप्रिल १९६५ ला दोघांना फाशी झाली. कपोटीने चिडून उत्तर दिलं. मला मात्र टायननचं पूर्ण पटत नाही. कॅन्ससचा कायदा एवढंच विचारत होता की कृत्य चूक आहे हे आरोपीला कळत होतं का. मनोविकारतज्ज्ञाला साक्षीत हो-नाहीपलीकडे बोलू दिलं नव्हतं. तिथे एका लेखकाने काय करायचं होतं?

कादंबरीकार नॉर्मन मेलरची गंमत अशी की त्याने आधी या प्रकाराला कल्पनाशक्तीचा पराभव म्हटलं, आणि १९७९ मध्ये स्वतः एका खुन्यावर तसंच जाडजूड पुस्तक लिहिलं. त्याला पुलित्झर हे मानाचं अमेरिकी पारितोषिक मिळालं, तेही कादंबरीच्या विभागात. कपोटीला ते कधीच मिळालं नाही.

मला वाटतं, शेवटी एक पान जोडून कोणते प्रसंग रचले आहेत ते कपोटीने सांगायला हवं होतं. पुस्तकाचं काही बिघडलं नसतं.

टॉम्पकिन्सच्या लेखाची प्रत सोबत पाठवते आहे. घोडीचा भाग आधी वाच आणि मग पेरीवरची तुझी माया टिकते का, ते मला कळव.

तुझी,
मनू