बर्फ कुठे धरला आहे, हे आधी पाहायला शिकवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

आमच्या फ्रिजमधला बिघाड तुम्ही शोधून दिलात त्याबद्दल तोंडी आभार मानले होतेच. परंतु हाच त्रास सोसणाऱ्या इतरांच्याही उपयोगी पडावे, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू होता. ज्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बर्फ साचायलाच नको, त्याच्या फ्रीजरमध्ये मागच्या बाजूला बोटभर जाड थर धरत होता आणि खालच्या कप्प्यात मात्र दूध नासत होते. आईचे इन्सुलिन त्याच कप्प्यात असल्यामुळे, आणि ते २ ते ८ अंशांतच ठेवावे लागत असल्यामुळे, माझी झोप उडाली होती. त्याआधी मेकॅनिक दोनदा गॅस भरून गेला होता. बंद नळ्यांमधला गॅस वापरून संपत नाही, कमी झाला असेल तर कुठेतरी गळती असणारच, मग ती शोधली का, हा तुमचा पहिला प्रश्न मला आधी सुचलाच नव्हता.

मी बर्फ वितळवून ठेवणार होते, तुम्ही थांबवलेत. प्लग काढून, मागची पाटी सुटण्यापुरताच बर्फ तुम्ही कोमट पाण्याने वितळवलात आणि मला आत पाहायला लावलेत. पाटीमागच्या थंड नळ्यांच्या, म्हणजे कॉइलच्या, एकाच भागावर बर्फ असेल तर गॅसची शंका घ्यावी, फ्रीजरच्या तळाशी असेल तर पाणी जाण्याचे भोक तुंबलेले असावे, आणि सगळी कॉइल सारखीच झाकली गेली असेल तर बर्फ वितळवणारी यंत्रणा बंद पडलेली असावी, असे तुम्ही समजावलेत. आमची कॉइल पूर्ण झाकलेली होती. पंख्याची थंड हवा त्यातून खाली पोहोचतच नव्हती.

टायमर दर काही तासांनी कॉम्प्रेसर थांबवून हीटरला वीज देतो आणि कॉइल थंड असेपर्यंत बायमेटल नावाचा तापमानावर चालणारा स्विच ती पुढे जाऊ देतो, हे मला त्या दिवशी कळले. चांगला बायमेटलही खोलीच्या तापमानाला वीज तोडलेलीच दाखवतो, म्हणून तो गार असतानाच तपासायचा, या एका गोष्टीसाठी तुम्ही बर्फ राखून ठेवला होता. मल्टीमीटरवर हीटर ठीक निघाला. बायमेटल मात्र गार असूनही वीज सोडत नव्हता. तेवढाच बदलावा लागला.

तरीही तुम्ही लगेच उठला नाहीत. दारात नोट धरून बंद केले, तर खालच्या कोपऱ्यात ती सहज सरकली. रबर तिथे सैल पडले होते. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात एवढा ओलावा येतो कुठून, याचे मला कोडे होते. समोरच्या कूलरच्या ओल्या ताट्यांकडे तुम्ही बोट दाखवलेत. कूलरची दिशा त्याच संध्याकाळी बदलली आणि रबर साबणाच्या पाण्याने पुसून, गरम पाण्याच्या फडक्याने शेकून बसवले.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. आईच्या हातची पुरणपोळी तेवढी घेतलीत. खालच्या कप्प्यात आम्ही आता एक लहान थर्मामीटर ठेवला आहे. रोज सकाळी इन्सुलिन काढताना आई तो वाचते. आज त्यावर ५ अंश होते, आणि ते काकांना आठवणीने कळव, असे तिने सांगितले आहे.

आपली कृतज्ञ शेजारीण,
मानेवाडा, नागपूर