४३ वह्या आणि एक औदुंबर

सातारा,
१४ सप्टेंबर

प्रिय विजू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र सोमवारीच मिळालं. सहामाहीच्या आत ४३ वह्या संपवायच्या होत्या, म्हणून उत्तराला उशीर झाला. दहावीची रसग्रहणं वाचून जीव विटतो, सगळी एका साच्यातली, काय करू, असं तू विचारतेस.

विजू, तो साचा मुलांनी नाही बनवला. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये हे तीन मुद्दे आपण फळ्यावर लिहितो आणि मुलं त्या तीन खणांत गाइडमधली वाक्यं भरतात. 'कवीने निसर्गाचे मनोहारी वर्णन केले आहे.' 'साध्यासोप्या भाषेमुळे कविता मनाला भिडते.' ही वाक्यं कुठल्याही कवितेखाली चालतात, म्हणूनच ती निकामी. मी वर्षानुवर्षं अशा उत्तरांना भरपूर गुण दिले, याची आज फार खंत वाटते.

यंदा मी पुस्तकाबाहेरची कविता घेतली. बालकवींची 'औदुंबर'. आठच ओळी, त्यामुळे सबंध कविता फळ्यावर मावते आणि अडणारा शब्द जवळजवळ नाही. तरी पहिल्या खेपेला 'मनोहारी निसर्ग'च आला. एका मुलाला माहीत होतं की बालकवी १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले. त्याने लिहिलं, काळा डोह म्हणजे कवीला लागलेली मृत्यूची चाहूल. वाचायला भारी वाटतं, पण हे त्याने चरित्रातून आणलं होतं, कवितेतून नाही. मी समासात एवढंच लिहिलं: 'डोह काळा आहे, मान्य. मग पुढच्याच ओळीत काळिमा "गोड" का?'

आता मी हेच करते. एका वहीत एकच प्रश्न, आणि पुन्हा लिहायचा तो एकच परिच्छेद. ऱ्हस्वदीर्घ पहिल्या फेरीत बघतच नाही. लाल खुणा आधी केल्या की मूल तोच पोकळ मजकूर शुद्ध करून आणतं, आणि आपल्यालाही सुधारणा झाल्यासारखी वाटते.

मधल्या रांगेतल्या एका मुलीचं सांगते. तिने लिहिलं होतं, 'औदुंबराला मानवी रूप दिल्याने येथे चेतनगुणोक्ती अलंकार साधला आहे.' अलंकाराचं नाव लिहून मोकळी. मी विचारलं, 'पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर' यात 'बसला' काढून 'उभा' घातलं तर काय जाईल? चार दिवसांनी वही आली. तिचाच मजकूर उतरवते:

'झाड नेहमी उभं असतं. कवी म्हणतो बसला. झरा वाहतो, पायवाट चालते, काळिमा पसरतो, बसलेला फक्त औदुंबर आहे. गावात चार घरं आहेत पण माणूस एकही दिसत नाही. पायवाट आहे पण चालणाऱ्याचे पाय नाहीत. पाय आहेत ते झाडाला, आणि ते पाण्यात आहेत.'

ही कविता मी २२ वर्षं वाचतेय, विजू. पायवाटेतला 'पाय' आणि औदुंबराचा पाय मी कधी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. स्टाफरूममध्ये बसवेना, उठून व्हरांड्यात गेले.

आणि बघ, परीक्षेला लागतात ते तिन्ही मुद्दे या सहा-सात वाक्यांत आहेत. नाव न घेता आहेत. मथळे नंतर घालता येतात, त्याची काळजी करू नकोस. तिला अजून शिकवायचं आहेच. चालणारं सगळं त्या बसलेल्याच्या दिशेने का जातं, हे तिने लिहिलेलं नाही. पायवाट 'काळ्या डोहाकडे' जाते, ही ओळ तिच्या हातातून निसटली. पुढचा प्रश्न तोच घातलाय.

तू ओळी उतरवून घेण्यावर फार भर देतेस, तेवढा देऊ नकोस. मुलं दोन ओळी उतरवतात आणि खाली त्यांचाच गद्य अर्थ लिहितात. त्यापेक्षा दोन शब्द उचलायला सांग आणि त्यांच्या जागी दुसरे घालून बघायला लाव. दिवाळीत येशील तेव्हा चार वह्या घेऊन ये, चांगल्या नकोत, मधल्या आण.

'गोड'वाला मुलगा दोन आठवडे गप्प होता. काल मधल्या सुट्टीत आला. म्हणाला, "बाई, ती झाडाची सावली असेल का? उन्हातून आल्यावर सावली गोडच लागते ना?" मी म्हटलं, लिही.

तुझी,
शैला