घाटावरची गाय आणि वईतली घाणेरी

ती. सौ. आई, ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा सगळ्याला "बरं बरं" म्हणून मोकळे होतात, म्हणून लिहिते आहे. आई, तू मोठ्याने वाचून दाखव.

नवी गाय सड्याच्या कातळमाळावर सोडू नका, निदान पाऊस लागून गवत वर येईपर्यंत तरी. आपली कपिला तिथेच वाढली, ती घाणेरीच्या विषारी झुडपाला तोंड लावत नाही. ही घाटावरून आलेली, भुकेली. आणि वैशाखात सड्यावर हिरवं दिसतं ते घाणेरीचंच. बाबा, कुंपणाच्या वईतली तोडलीत ते बरं केलंत, पण फांद्या उचलल्यात ना? सुकलेला पालाही विषारीच असतो.

ते विष आधी यकृत धरतं. पित्त तुंबतं, डोळे पिवळे होतात. चाऱ्यातल्या हिरव्या रंगापासून पोटात बनणारं एक द्रव्य एरवी पित्तावाटे निघून जातं, ते रक्तात साठतं आणि ऊन लागलं की पांढरी कातडी भाजून निघते. हिच्या अंगावर पांढरंच जास्त! गोचिडांमुळे झालं समजून त्याचं औषध चोळत बसाल, तोवर मूत्रपिंडाच्या बारीक नळ्याही खराब व्हायला लागलेल्या असतील. लघवी गडद दिसली की समजा.

त्यात रवंथ थांबतं. म्हणजे खाल्लेला पाला पोटात तसाच पडून राहतो आणि विष झिरपतच राहतं. म्हणून डॉक्टर औषधी कोळशाची पूड पाण्यातून पाजतात, मोठ्या गाईला किलोच्या हिशेबात. चुलीतला कोळसा नव्हे हो बाबा! रवंथ बंद दिसलं की गाय सावलीत बांधा, समोर पाणी ठेवा आणि जनावरांच्या सरकारी डॉक्टरांच्या १९६२ नंबरला फोन लावा. दुकानातून दुखण्याचं इंजेक्शन आणून टोचायचं नाही. पाणी कमी पडलेल्या जनावराच्या मूत्रपिंडांना त्यातली काही औषधंच घातक ठरतात.

आई, आता तुझं. पावसात परड्यातला काटेमाठ उपटून गव्हाणीत टाकतेस, ते बंद कर. एखादी मूठ पोटात गेली तर काही होत नाही, पण उपाशी गुराने पोटभर खाल्ला तर मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि मग आम्हा डॉक्टरांच्या हातातही फार काही उरत नाही.

पेंढ्याची उडवी किती उरली ते कळवा. कमी असेल तर आत्ताच विकत घ्या, पैसे मी पाठवते. बाबांनी नको म्हटलं तरी पाठवणार आहे.

तुमची,
ताई