अमेरिकेच्या कामगारमंत्र्यांना खुले पत्र: आमच्या म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या बायकांचा ओव्हरटाइम काढू नका

माननीय कामगारमंत्री,
संयुक्त संस्थाने अमेरिका, यांस
स. न. वि. वि.

2025 च्या जुलैत आपल्या खात्याने एक मसुदा काढला. घरी जाऊन आजारी, वृद्ध माणसांची शुश्रूषा करणाऱ्या कामगारांना केंद्रीय किमान वेतन आणि आठवड्याच्या 40 तासांपुढे दीडपट ओव्हरटाइम देणारा 2013 चा नियम गुंडाळायचा, असं त्यात म्हटलं आहे. तो मसुदा मागे घ्या, एवढंच मागायला हे पत्र. मराठीत लिहितोय, कारण ही सेवा स्वस्त व्हावी असं सांगताना आपण आमच्यासारख्या कुटुंबांचा हवाला देता, आणि न्यू जर्सीतल्या कितीतरी मराठी घरांचं या बायकांवाचून पान हलत नाही.

आपल्या खात्याच्या इमारतीला फ्रान्सिस पर्किन्स यांचं नाव आहे. 25 मार्च 1911 ला न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली, तेव्हा त्या जवळच एका मैत्रिणीकडे चहाला गेल्या होत्या. दाराला कुलूप, म्हणून खिडक्यांतून उड्या टाकणाऱ्या पोरी त्यांनी स्वतः पाहिल्या. 146 जीव गेले. पुढे पर्किन्स कामगारमंत्री झाल्या आणि त्यांच्या कारकिर्दीत युनियनचा हक्क (1935) आणि ताशी 25 सेंट किमान वेतन (1938) कायद्यात आलं. बाईंबद्दल मला आदरच आहे. पण त्या दोन्ही कायद्यांतून शेतमजूर आणि घरकामगार निसटले. दक्षिणेतल्या खासदारांच्या मतांशिवाय काही पास होत नव्हतं, आणि दक्षिणेत ही दोन्ही कामं मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या माथी होती. 1935 च्या कायद्यात कुटुंबाने घरी ठेवलेल्या नोकराला वगळणारं कलम आजही जसंच्या तसं आहे.

या बायकांना संघटना जमत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. 1881 च्या जुलैत अटलांटात 20 धोबिणींनी दर वाढवून मागितला आणि तीन आठवड्यांत संपकरी 3000 झाल्या. अटक झाली, दंड झाले, शहराने जबर परवाना शुल्काची धमकी दिली, तरी त्या हटल्या नाहीत. महामंदीत न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये मात्र वेगळं चित्र होतं. कामाचे कपडे कागदी पिशवीत घेऊन बायका सकाळपासून नाक्यावर उभ्या राहायच्या आणि घरमालकिणी येऊन तासाचा भाव पाडून मागायच्या. एला बेकर आणि मार्व्हल कुक या दोन कृष्णवर्णीय लेखिकांनी 1935 मध्ये त्यावर लिहिलं. मुंबईत मजूर नाका पाहिलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

घरकामगारांना किमान वेतन मिळायला 1974 उजाडलं. त्यातही नुसती सोबत करणाऱ्यांना ते न देण्याची सूट मालकांना ठेवली होती. कुणाकडे संध्याकाळी जाऊन बसणाऱ्या शेजारणीसाठी ती एक वेळ ठीक होती, पण घरोघरी बायका पाठवणाऱ्या एजन्सीज तिच्याच आड लपल्या. क्वीन्समधल्या एव्हलिन कोक वर्षानुवर्षं एजन्सीमार्फत रुग्ण सांभाळत होत्या, ओव्हरटाइम शून्य. 2007 मध्ये सुप्रीम कोर्टात त्या हरल्या, तेही नऊ विरुद्ध शून्य. कोर्टाचं म्हणणं असं की सूट कशी लावायची, हे ठरवणं खात्याचं काम. खात्याने ते 2013 मध्ये ठरवलं. कोक तोवर हयात नव्हत्या.

आमच्याकडे येणारी बाई वडिलांच्या निम्म्या अंगाची आहे. ती त्यांच्या कमरेला रुंद पट्टा आवळते, स्वतःचे गुडघे वाकवते, तीन आकडे मोजते आणि त्यांना पलंगावरून व्हीलचेअरमध्ये घेते. दिवसातून सहा-सात वेळा. मग डायपर, अंघोळ, गोळ्यांचा डबा, पाठीवर जखम होते आहे का ते पाहणं. मी हे एकदा करून बघितलं आणि पुढचे दोन दिवस माझी कंबर धरली होती. आपल्या मसुद्याच्या हिशेबात ही सोबत आहे!

ही सेवा महाग पडते, हे आपलं म्हणणं खोटं नाही. बिल मीच भरतो, ते डोळे पांढरे करतं. ओव्हरटाइम नको म्हणून एजन्सी 40 तासांवर बाई बदलते, हेही खरं, आणि वडिलांना त्याचा त्रास होतो. पण देशभरात या सेवेचा सगळ्यात मोठा पैसा मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेतून येतो, आणि त्याच जुलैत मेडिकेडला कात्री लावणाऱ्या कायद्यावर सही झाली. तिकडे कापायचं आणि खड्डा बाईच्या पगारातून बुजवायचा, हा कुठला न्याय?

आमच्या राज्याचा स्वतःचा कायदा आहे, त्यामुळे आमच्याकडच्या बाईला थोडाफार आधार राहील. पण अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना, टेनेसी आणि साउथ कॅरोलिना या पाच राज्यांत राज्याचं किमान वेतनच नाही. तिथे केंद्राचा नियम गेला की खाली काहीच उरत नाही. पाचही राज्यं दक्षिणेतली आहेत, हे आपल्या लक्षात आलंच असेल.

1999 मध्ये लॉस एंजेलिस काउंटीत अशाच 74,000 कामगारांनी युनियन निवडली. ना कारखाना, ना गेट. प्रत्येकीचं काम वेगळ्या घरात. दारोदार फिरून ती बांधायला दशकाहून जास्त काळ गेला होता. सगळ्याच राज्यांत हे होणार नाही, म्हणून तर केंद्राचा नियम लागतो.

तेव्हा मसुदा रद्द करा. आणि मेडिकेडचे दर ठरवताना ओव्हरटाइम त्यात धरावा, असं आपण आरोग्य खात्याला लेखी कळवा. ते पत्र जाहीर केलंत तर आम्ही ते इथल्या मंडळांतून फिरवू.

कळावे,
न्यू जर्सीतला एक मराठी मुलगा, वय वर्षे 58