नोकरी लावायला पैसे घेतले का, एवढं तरी विचारा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी हिंजवडीत एका आयटी कंपनीत आहे, व्हेंडर मॅनेजमेंटला. कोड वगैरे मी लिहीत नाही. कंपनीला लागणारं कँटीन, सिक्युरिटी, हाऊसकीपिंग, कॅब, लॅपटॉप, मॉनिटर हे ज्या ज्या ठेकेदारांकडून येतं त्यांचे कागद बघायचे, रेट ठरवायचे आणि वर्षातनं एकदा त्यांच्याकडून फॉर्म भरून घ्यायचे हे माझं काम. त्यात एक फॉर्म मॉडर्न स्लेव्हरीचा असतो. सुरुवातीला मलाही वाटायचं की हे गोऱ्या लोकांचं काहीतरी आहे, आपल्याकडे कुठली आलीय गुलामगिरी. आता तसं वाटत नाही म्हणून हे पत्र लिहितोय, थोडं लांबलंय, पण छापता आलं तर छापा.

आधी हा फॉर्म येतो कुठून ते सांगतो. ब्रिटनमध्ये २०१५ ला एक कायदा झाला, ज्या कंपनीची उलाढाल ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याच्या वर आहे आणि जी तिथं धंदा करते तिनं दरवर्षी एक निवेदन काढायचं की आमच्या कामात आणि आमच्या सप्लाय चेनमध्ये गुलामगिरी नसावी म्हणून आम्ही काय काय केलं. बोर्डाची मंजुरी, डायरेक्टरची सही, वेबसाईटच्या पहिल्या पानावर लिंक. ऑस्ट्रेलियानं २०१८ ला तसाच कायदा केला. आपल्या पुण्याच्या, मुंबईच्या आयटी कंपन्यांचे क्लायंट तिकडचेच, त्यामुळे ते आम्हाला विचारतात आणि आम्ही आमच्या ठेकेदाराला विचारतो. ठेकेदार सगळीकडे "नाही" वर टिक करून, शिक्का मारून त्याच दिवशी फॉर्म परत पाठवतो. तो फाईलला लागतो. झालं. आणि गंमत वाटावी असं नाही, दुःख वाटावं असं आहे की त्या ब्रिटिश कायद्यात "आम्ही काहीच केलं नाही" असं लिहून दिलं तरी चालतं, आणि निवेदन काढलं नाही म्हणून थेट दंडही नाही.

मी मूळचा बीड जिल्ह्यातला, केजकडचा. आमच्याकडे दसरा दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादम आधी उचल देतो, नवराबायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला. कुणी लग्नात घातलेली असते, कुणी दवाखान्यात, आणि मग सीझनभर ती फेडायची. फिटली तर फिटली, नाही फिटली तर अंगावर राहिली, की पुढच्या वर्षी परत त्याच मुकादमाकडे. माझे मामा मामी असे अकरा सीझन गेले. त्यांना कुणी बांधून ठेवलं नव्हतं, ट्रकमध्ये स्वतःच्या पायांनी चढायचे. पण मधेच काम सोडून घरी यायची सोय नव्हती, कारण पैसे अंगावर. हे ज्यानं घरात बघितलंय त्याला डेट बाँडेज, म्हणजे कर्जापायी अडकून राबणं, काय ते समजवायला ट्रेनिंगचा व्हिडिओ लागत नाही. ठाणे पालघरच्या जुन्या लोकांना लग्नगडी हा शब्द माहीत असेल, लग्नासाठी कर्ज घेतलं आणि सावकाराकडे जन्मभर राबले, त्याच्याविरुद्ध १९४५ ला गोदावरी परुळेकर वारल्यांसोबत उभ्या राहिल्या. म्हणजे हा विषय आपल्याला परका नाहीच, फक्त ऑफिसात आल्यावर तो आपल्याला ओळखू येत नाही.

आता मूळ गोष्ट. मागच्या वर्षी पावसाळ्यात एकदा रात्री कॅबची वाट बघत गेटवर थांबलो होतो. ड्युटीवर सिक्युरिटीचा एक पोरगा होता, चोवीस पंचवीसचा, परभणीकडचा, बोलण्यावरून लगेच ओळखलं. गप्पा निघाल्या. आई आजारी होती आणि त्याला गावाकडं जायचं होतं. मी म्हणलं मग जा की दादा, रजा टाक. तर म्हणाला, "जाता येत नाही सर. मार्कशीट एजन्सीत अडकलीय, ओरिजिनल. पहिला पगार पण होल्डवर आहे." मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नोकरी लावताना एजन्सीच्या फील्ड ऑफिसरनं अठरा हजार घेतले होते, ते यानं गावातनं शेकडा पाचनं काढलेले. युनिफॉर्म आणि बुटांचे पैसे पगारातनं कापले. एजन्सीच्याच खोलीत नऊ जण, त्याचं भाडं वेगळं. ड्युटी बारा तास, आठवड्याची सुट्टी नाही. आणि सगळ्यात मला हादरवलं ते हे, की पगार बँकेत पूर्ण जमा व्हायचा, किमान वेतनाच्या हिशोबानं अगदी बरोबर, आणि दोन दिवसांनी त्यातले साडेतीन हजार रोख परत द्यावे लागायचे.

त्या एजन्सीचे पेमेंटचे कागद मीच तपासले होते. पगाराची स्लिप, बँकेचं स्टेटमेंट, पीएफचं चलन, सगळं जुळत होतं, आणि मी सही केली होती.

दुसऱ्या दिवशी मी विषय वर काढला. उत्तर मिळालं की व्हेंडरनं सेल्फ डिक्लरेशन दिलंय, तुझ्याकडे पुरावा काय. मग एजन्सीच्या मॅनेजरला बोलावून विचारलं, तो म्हणाला असं काही नाही सर, कोण म्हणालं सांगा. मी नाव सांगितलं नाही पण रात्रीच्या शिफ्टला गेटवर असे असतात किती जण. आठवडाभरात तो पोरगा दिसेनासा झाला, दुसऱ्या साईटवर टाकला म्हणाले. मार्कशीट मिळाली का, आईला भेटला का, मला कळलेलं नाही. माझी चूक ही झाली की मी सुपरवायझरच्या वाटेनं गेलो. विचारायची पण पद्धत असते आणि ती चुकली की त्याची किंमत ज्याला विचारलं तो भरतो, हे मला तेव्हा कळलं.

जगभरात इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत हेच सापडलंय, फक्त आकडे मोठे. मलेशियात २०१४ ला व्हेरिटे नावाच्या संस्थेनं ५०१ कामगारांशी बोलून अहवाल दिला, त्यात २८ टक्के लोक सक्तीच्या मजुरीत निघाले. नेपाळ, बांगलादेश, इंडोनेशियातनं आलेले, आपल्या भारतातले पण. तिथं कुणी चाबूक घेऊन उभं नव्हतं. गावाकडे एजंटला पैसे भरलेले, त्यासाठी कर्ज काढलेलं, पोहोचल्यावर पासपोर्ट कंपनीनं किंवा एजंटनं ठेवून घेतलेला. म्हणजे आमच्या गेटवरचीच गोष्ट, मार्कशीटच्या जागी पासपोर्ट. अॅपलचा आधी नियम होता की एका महिन्याच्या पगाराएवढी भरतीची फी चालेल, २०१५ पासून त्यांनी तीही बंद केली, कामगाराकडून एक रुपया घ्यायचा नाही, खर्च मालकानं करायचा. आता या धंद्यातल्या मोठ्या कंपन्यांची जी रिस्पॉन्सिबल बिझनेस अलायन्स आहे तिच्या नियमावलीत पण हेच आहे, फी नाही आणि कागद ठेवून घ्यायचे नाहीत.

तरी नियम कागदावर असून काय होतं ते कर्नाटकात दिसलंच. कोलारजवळ नरसापूरला विस्ट्रॉनच्या आयफोनच्या कारखान्यात १२ डिसेंबर २०२० ला कामगारांनी तोडफोड केली. बहुतेक पोरं ठेकेदारांमार्फत लागलेली आणि पगार कमी आणि उशिरा येतोय ही तक्रार. तोडफोडीचं समर्थन मी करत नाही. पण नंतर खुद्द अॅपलनंच सांगितलं की कामाच्या तासांची नोंद नीट ठेवली नव्हती आणि ऑक्टोबर नोव्हेंबरचे पगार काही जणांना वेळेवर मिळाले नाहीत, आणि विस्ट्रॉनला प्रोबेशनवर टाकलं, म्हणजे सुधारणा होईपर्यंत नवं काम द्यायचं नाही. एवढ्या ऑडिटवाल्या कंपनीच्या कारखान्यात हे आधी कुणाला दिसलं नसेल तर आमच्या टिक मार्कच्या फॉर्मचं काय घेऊन बसलात.

कच्च्या मालापर्यंत तर कुणी जातच नाही. बॅटरीतलं कोबाल्ट, जगातलं जवळपास ७० टक्के काँगोमधनं निघतं, आणि त्यातला काही भाग लोक हातानं खणून काढतात, लहान मुलं पण. ते लांबचं वाटत असेल तर झारखंडचं कोडरमा, गिरिडीह बघा. तिथं बंद पडलेल्या अभ्रकाच्या खाणींत आख्खं कुटुंब ढिबरा वेचतं, म्हणजे अभ्रकाचे तुकडे, टोपलीवर विकतात, आणि तो माल व्यापाऱ्याकडे जाऊन इतर मालात मिसळला की कुठला कुणी काढला ते शोधणं फार अवघड होऊन बसतं. अभ्रक मेकअपमध्ये जातं हे माहीत असतं, इलेक्ट्रॉनिक्समध्ये इन्सुलेशनला पण लागतं. मी ज्या लॅपटॉपची ऑर्डर टाकतो त्यातलं कुठून आलं हे मला सांगता येणार नाही, विचारलं तर डीलरलाही नाही.

यावर आमच्याकडे काहीजण म्हणतात की अरे गुलामगिरी हा फार मोठा शब्द आहे, दोन पैसे कमी दिले म्हणून काय लगेच. त्यांनी आपल्याच सुप्रीम कोर्टाचा १९८२ चा एशियाडच्या मजुरांचा निकाल बघावा. न्यायमूर्ती भगवतींनी स्पष्ट म्हणलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणं ही घटनेच्या कलम २३ खाली सक्तीची मजुरीच, कारण भूक आणि गरिबी पण माणसावर सक्ती करते. वेठबिगारी बंदीचा कायदा १९७६ चा. ठेकेदारानं पगार दिला नाही तर मूळ कंपनीनं द्यायचा हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही आहे. म्हणजे "तो व्हेंडरचा माणूस आहे, आमचा नाही" हे वाक्य आम्ही रोज बोलतो पण त्याला कायद्याचा आधार नाही.

आणि खरं कारण काय आहे ते मी सांगतो कारण ते माझ्याच टेबलावर घडतं. सिक्युरिटीचं टेंडर निघतं, पाच एजन्सी येतात, सगळ्यात कमी रेटवाल्याला काम. आता हिशोब करा. किमान वेतन, त्यावर पीएफचे साधारण १३ टक्के, ईएसआयचे म्हणजे कामगार विम्याचे सव्वातीन, बोनस ८.३३, साप्ताहिक सुट्टीला बदली माणूस द्यायचा तर त्याचा सहावा हिस्सा, कायद्यानं ठरलेल्या तासांच्या वर काम असेल तर डबल दरानं ओव्हरटाईम. हे सगळं धरून जो आकडा येतो त्याच्या खाली जर एजन्सी बिल लावतेय तर ती काही पदरचे घालत नाही ना. कुणाच्या तरी खिशातनं निघणार, आणि तो खिसा गेटवरच्या पोराचा. हे कळायला परभणीला जावं लागत नाही, कोटेशन समोर असतं, कॅल्क्युलेटर असतो. तरी आम्ही "सेव्हिंग" म्हणून प्रेझेंटेशनमध्ये दाखवतो. मी स्वतः दाखवलंय.

त्यामुळे माझं म्हणणं सगळ्या कंपन्यांना एवढंच आहे की चाळीस प्रश्नांचा फॉर्म ठेकेदाराला पाठवण्यापेक्षा चार गोष्टी कामगाराला विचारा. नोकरी लावायला कुणाला पैसे दिले का, तुमचे ओरिजिनल कागद कुणाकडे आहेत, बँकेत आलेल्या पगारातलं काही परत द्यावं लागतं का, आणि उद्या काम सोडायचं म्हणलं तर काय होईल. पण हे ऑफिसात, सुपरवायझर समोर उभा असताना विचारू नका. बाहेर, खोलीवर, त्याच्या भाषेत, मराठी, हिंदी, ओडिया जी असेल ती, आणि सगळ्यांनाच विचारा म्हणजे कोण बोललं ते कळणार नाही. पैसे घेतलेले निघाले तर कंपनीनं आधी स्वतः परत द्यावेत आणि मग एजन्सीच्या बिलातनं वसूल करावेत, कारण एजन्सीला परत द्या म्हणलं तर ती उजव्या हातानं देऊन डाव्या हातानं काढून घेते. आणि एकदम कॉन्ट्रॅक्ट तोडू नका, तसं केलं की पहिली नोकरी त्याच पोरांची जाते.

तुमच्या पेपरला पण एक विनंती. सेबीच्या नियमानं २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना दरवर्षी जबाबदारीचा रिपोर्ट द्यावा लागतो, त्यात सक्तीच्या मजुरीच्या तक्रारी किती असा रकाना आहे. तुमच्या बातमीदारांनी आपल्या भागातल्या कंपन्यांचे ते रिपोर्ट काढून बघावेत, आणि जिथं जिथं शून्य दिसेल तिथं विचारावं की हे शून्य तुम्ही कुणाला विचारून लिहिलं. हाऊसकीपिंगच्या मावशींना विचारलं का, कॅबच्या ड्रायव्हरला विचारलं का. आणि ज्या वाचकांच्या ऑफिसात गेटवर कुणी उभं असेल त्यांनी निदान बोलतं व्हावं, माझ्यासारखं घाईनं नाव पुढे येईल असं काही करू नये एवढंच.

आमचं सिक्युरिटीचं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात रिन्यूला येतंय. यावेळी मी रेटची खालची मर्यादा लिहून दिलीय, तिच्याखालचं कोटेशन उघडायचंच नाही असं, आणि जुन्या गार्डांचे घेतलेले पैसे परत करायची एक ओळ टाकलीय, त्यात दुसऱ्या साईटवर हलवलेले पण धरलेत. फायनान्सनं अजून सही केलेली नाही. झाली तर परत लिहीन.

आपला,
एक वाचक, पिंपरी चिंचवड
(नोकरीचा प्रश्न आहे, कृपया नाव छापू नये)